सहावर नऊ

पुस्तक छापून घरी आलं तेव्हा ताईंना वाटलं, झालं, आता फक्त लोकांनी वाचायचं बाकी आहे. ते ‘फक्त’ केवढं मोठं असतं, ते पुढच्या आठ महिन्यांत कळलं.

ताई म्हणजे ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये एकतीस वर्षं फोन घेतलेल्या बाई. ड्रायव्हरपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणायचे, आणि निवृत्त झाल्यावर शेजारीपाजारीही तेच नाव चिकटलं. नोकरी संपल्यावर दोन वर्षं बसून त्यांनी एक कादंबरी लिहिली. प्रकाशकांकडून उत्तरं आली नाहीत, म्हणून स्वतःच छापून घेतली. नाव ‘चौदा मिनिटं’. एका दुपारी नऊ वर्षांची मुलगी फोन करते, बाबा पडलेत म्हणून. घाबरून घराचा नंबर चुकीचा सांगते. गाडी भलतीकडे जाते, आणि ती चौदा मिनिटं फोनवरची बाई त्या मुलीला बोलतं ठेवते. एवढीच गोष्ट.

तीनशे प्रतींपैकी पन्नास नात्यागोत्यात गेल्या. त्यांतल्या बहुतेकांनी “मुखपृष्ठ छान झालंय” असं कळवलं, म्हणजे आत कोणी शिरलंच नव्हतं. एका दुकानदाराने पाच प्रती ठेवून घेतल्या आणि शब्दकोशांच्या मागे अशा लावल्या, की शोधायला दिवा लागावा. पुस्तकांच्या एका प्रदर्शनात ताई दिवसभर टेबल मांडून बसल्या. सतरा जण थांबले. त्यांतल्या बारा जणांनी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं. उरलेले गठ्ठे पलंगाखाली गेले, आणि झाडू मारताना रोज त्यांना पाय लागायचा.

ताईंचा भाचा त्यांच्याकडेच राहायचा. तिशीचा, मोबाइल दुरुस्तीचं स्वतःचं दुकान असलेला. एक दिवस जेवता जेवता तो म्हणाला, “मावशी, तुझं पुस्तक लोक वाचणार नाहीत.”

“बरं झालं सांगितलंस. पोळी वाढू का आणखी?”

“अगं, वाचणार नाहीत, पण ऐकतील. तुझा आवाज आहे की! एकतीस वर्षं लोकांनी जीव मुठीत धरून ऐकलेला आवाज आहे तो. दर शनिवारी एक भाग वाच, मी रेकॉर्ड करून मोबाइलवर एक ग्रुप काढतो आणि त्यावर टाकतो. आवडलं तर पुढे पाठवतील, नाही तर पुसून टाकतील. आपलं काय जातंय?”

गेलं काहीच नाही, उलट आलं. पहिल्या आठवड्यात ग्रुपवर चाळीस माणसं होती, सगळी ओळखीची. तिसऱ्या आठवड्यात एकशे साठ झाली आणि त्यांतली निम्मी कोण हे भाच्यालाही माहीत नव्हतं. कोणी रंगकाम करताना ऐकत होतं, कोणी दवाखान्यात सलाइन लावून घेताना. एका आजोबांनी लिहिलं, “डोळे अधू झाल्यापासून गोष्ट सुटली होती, तुम्ही परत दिलीत.” ऐकता ऐकता लोक छापील प्रत मागायला लागले. पलंगाखालचा एक गठ्ठा सुटला, मग दुसरा. ताई पाकिटांवर पत्ते लिहायच्या आणि प्रत्येक पत्ता दोनदा ताडून बघायच्या. भाचा हसायचा, “मावशी, ॲम्ब्युलन्स नाही पाठवायची, पुस्तक पाठवायचंय.”

आणि मग एका सकाळी एक निरोप आला. ग्रुपवर नाही, थेट ताईंच्या नंबरवर. नाव नव्हतं, फोटोच्या जागी नुसता एक चष्मा होता.

“तुमचा आवाज मी आधी ऐकलाय.”

ताईंनी लिहिलं, “कुठे?”

दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. अशा किती जणांनी ऐकला असेल, ताईंनी स्वतःला समजावलं. एकतीस वर्षं, दिवसाला साठ-सत्तर फोन. पण दर थोड्या वेळाने त्या फोन उघडून तो चष्मा बघत राहिल्या. खाई त्याला खवखवे म्हणतात.

त्या शनिवारी सातवा भाग गेला. मुलगी घराचा नंबर सांगते तो भाग. तासाभरात चष्मेवाल्या नंबरवरून प्रश्न आला.

“यात मुलगी एकोणऐंशी म्हणते. हे असंच झालं होतं का?”

भाचा दुकानात गेला होता. घरात त्या एकट्या, आणि हातात तो फोन. त्यांनी तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी पाठवलं, “ही कादंबरी आहे. सगळं काल्पनिक आहे.”

उत्तर लगेच आलं. “बरं.”

शिवी दिली असती तरी परवडलं असतं. त्या ‘बरं’ने ताईंचं जेवण गेलं.

कारण काल्पनिक काहीच नव्हतं. बावीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारी तो फोन ताईंनीच घेतला होता. कॉलनीतल्या साठच्या आकड्यातल्या इमारती रेल्वेरुळांच्या अलीकडे होत्या, सत्तरच्या पलीकडे. गाडी पलीकडे गेली, तिथे कोणी पडलेलं नव्हतं, ड्रायव्हर विचारपूस करत मागे वळला, परत येताना फाटक लागलं, आणि चौदा मिनिटं गेली. मुलीचे वडील वाचले नाहीत. साहेबांनी चौकशीत विचारलं, “मुलीने नंबर काय सांगितला होता?” ताईंनी एक शब्द सांगितला. साहेबांनी मान डोलावली, “लहान मुलं, घाबरतात बिचारी,” आणि घरच्यांना तेच कळवून फाइल बंद झाली. कादंबरीत ताईंनी इमारतीचा रंग बदलला, कुत्रा घातला, वडिलांना मिशा दिल्या. तो एक शब्द तेवढा तसाच ठेवला.

पुढच्या आठवड्यात भाचा नाचतच घरी आला. “मावशी, शहराच्या वाचनालयाने बोलावलंय! ग्रंथपाल बाई ग्रुपवर आहेत, मला माहीतच नव्हतं. येत्या रविवारी चार वाजता. तू वाचायचं, मग लोकांचे प्रश्न. आणि कोणता भाग वाचायचा, ते मी ग्रुपवर मतदानाला टाकलं होतं. सातवा! एकशे तेरा मतं.”

“माझा घसा बसलाय,” ताई म्हणाल्या.

“कधी?”

“आत्ता.”

भाच्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “मावशी, आठ महिने तू वाचक वाचक करत होतीस. ते आता चालत दारात आलेत आणि तू कडी लावून घेतेस?”

ताईंनी ग्रुप उघडला. ‘कोण कोण येणार’ या प्रश्नाखाली नावांची रांग लागली होती. चौतिसावा होता तो चष्मा. पुढे एकच शब्द, “येणार.”

रविवारपर्यंतचे पाच दिवस ताईंनी कसे काढले, ते त्यांनाच माहीत. दोनदा त्यांनी ग्रंथपाल बाईंना फोन लावला आणि रिंग व्हायच्या आत ठेवला. एकदा सातव्या भागाची पानं काढून पेन्सिलीने तो शब्द खोडला, वर दुसरा लिहिला, मग रबराने तोही पुसला. एका वाचकाने तेवढ्यात लिहिलं होतं, “तुमच्या पुस्तकातली फोनवरची बाई देवमाणूस आहे.” ते वाचून ताई उठल्या आणि उगाच ओटा घासत बसल्या.

वाचनालयाची वरची खोली लांबट होती. एका बाजूला वर्तमानपत्रांच्या लाकडी काठ्या, दुसऱ्या बाजूला काचेची कपाटं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून खालून बाक आणले होते. भाच्याने तिपाईवर मोबाइल लावला होता. “जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी थेट दाखवतोय,” तो कानात कुजबुजला, “आत्ताच दोनशे जण बघतायत.”

ताईंनी खोलीवर नजर फिरवली. कोण असेल ती? आता एकतीस वर्षांची असणार. दुसऱ्या रांगेत काळ्या स्वेटरमधली एक बाई पुस्तक छातीशी धरून एकटक बघत होती. पुस्तकात कागदाच्या खुणाच खुणा. तेवढ्यात ती उठून पुढे आली. ताईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

“सही द्याल? आईसाठी हवीय,” ती म्हणाली आणि हसली.

ती नव्हती.

ग्रंथपाल बाईंनी ओळख करून दिली, टाळ्या झाल्या, आणि ताईंनी वाचायला सुरुवात केली. आवाजाने दगा दिला नाही. त्या आवाजाला घाबरण्याची सवयच नव्हती, घाबरायची ती बाकीची बाई. पानामागून पान गेलं. मुलीचं रडं आलं, फोनची तार आली. तो शब्द दोन ओळींवर आला तेव्हा ताईंना वाटलं, आता थांबता येईल. आता पुस्तक मिटता येईल. पण जीभ आपल्या वाटेने पुढे गेली. “एकोणऐंशी, मुलगी म्हणाली,” ताईंनी वाचलं, आणि भाग संपला.

टाळ्या बराच वेळ वाजल्या. ताईंना त्या अंगावर खडे पडल्यासारख्या लागल्या.

पहिल्यांदा एक निवृत्त शिक्षक उठले. “मला तो एकोणऐंशीचा प्रसंग फार भावला. अहो, चाळीस वर्षं मुलांना पाढे शिकवले. एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, या ‘एकोण’ने भल्याभल्यांची विकेट काढलीय! पोरं सत्तर ऐकतात आणि सातवर नऊ मांडतात!”

खोली हसली. अगदी मनमोकळं, ओळखीचं हसू. शिक्षक खूश होऊन खाली बसले.

दाराजवळच्या बाकावरची एक बाई हसली नाही. खांद्यावर कापडी पिशवी, केस मागे बांधलेले, डोळ्यांवर बारीक चौकटीचा चष्मा. तिने हात वर केला, शाळेतल्यासारखा.

“माझा प्रश्न छोटा आहे,” ती म्हणाली. “त्या मुलीने खरंच एकोणऐंशी म्हटलं होतं?”

शिक्षक मागे वळून म्हणाले, “अहो बाई, कादंबरी आहे ती.”

“मी त्यांना विचारतेय.”

खोलीतली कुजबुज थांबली. खालच्या रस्त्यावर कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. भाच्याने एकदा त्या बाईकडे पाहिलं, एकदा मावशीकडे. मावशीचा असा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता. त्याने हळूच मोबाइलकडे हात नेला.

“राहू दे,” ताई म्हणाल्या. “चालू राहू दे.”

मग त्या उभ्या राहिल्या. बसून बोलणं त्यांना जमेना.

“नाही,” त्या म्हणाल्या. “तिने तसं म्हटलं नव्हतं.”

“मग काय म्हणाली होती?”

“एकोणसत्तर. मी विचारलं, काय? तर तिने मला समजावं म्हणून फोड करून सांगितलं. सहावर नऊ, मावशी. सहावर नऊ. दोनदा सांगितलं. नऊ वर्षांच्या मुलीने, बाप समोर पडलेला असताना, इतकं नीट कोणी सांगत नाही. माझा हात तोवर सातवर नऊ लिहून मोकळा झाला होता. ती सांगत होती, मी ‘हो बाळा’ म्हणत होते, आणि चिठ्ठी खिडकीतून ड्रायव्हरकडे गेलीसुद्धा.”

दाराजवळच्या बाईने पिशवीचा पट्टा मुठीत आवळला होता.

“तुम्हाला कधी कळलं?”

“गाडी परत आल्यावर. चिठ्ठी बघितली. अक्षर माझंच होतं. मी ती खिशात घातली. साहेबांनी विचारलं तेव्हा म्हटलं, मुलीने एकोणऐंशी सांगितलं. तिच्या घरी कोण विचारायला जाणार होतं? आणि मग इतक्या वर्षांनी पुस्तक लिहायला बसले, तेव्हा खरं लिहीन असं ठरवूनच बसले होते. शपथेवर सांगते. त्या ओळीपाशी आले आणि पुन्हा तेच केलं.”

काळ्या स्वेटरवाल्या बाईने पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं. मागून कोणीतरी “शी!” म्हणालं, अगदी स्पष्ट. दोघं उठून गेले. शिक्षकांनी खाली बघून चष्मा पुसायला घेतला, तो पुसतच राहिले.

दाराजवळची बाई बोलली, ती हळू, पण लांबट खोलीच्या या टोकाला ऐकू आली.

“चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासते. दिवसभर लोकांकडून आकडे वाचून घेते. कोणी एकोणसत्तर म्हटलं की अजून माझा हात अडतो. मी चुकले, असं मला घरात कोणी कधी बोललं नाही हो. सगळे म्हणाले, लहान होतीस, तुझा काय दोष. आई म्हणाली, काका म्हणाले, शाळेतल्या बाई म्हणाल्या. बावीस वर्षं सगळे मला माफ करतायत.” तिला धाप लागल्यासारखं झालं. “मला वाटायचं, मला आठवतंय मी सहा म्हटलं होतं ते. मग वाटायचं, मी स्वतःला वाचवायला तसं आठवून घेतलंय.”

ताई टेबलामागून बाहेर आल्या. दोन पावलांवर थांबल्या. “मी काय करू, सांग.”

“हे सगळं माझ्या आईला सांगा. आज. आत्ता.”

त्या दोघी बसने गेल्या. वीस मिनिटांचा रस्ता, शेजारीशेजारी बसून, आणि एक अक्षर बोलणं नाही. भाचा मागच्या सीटवर होता. त्याचा फोन खिशात सारखा थरथरत होता, आणि पहिल्यांदाच तो त्याने काढून बघितला नाही.

आई तिसऱ्या मजल्यावर राहायची. सत्तरीची, गुडघे धरलेली, दार उघडायला वेळ लागला. मुलीने एवढंच सांगितलं, “आई, या त्या फोनवरच्या बाई.” आईला काही उमगलं नाही. मग ताईंनी उभ्याउभ्याच सांगितलं, वाचनालयात सांगितलं तेच, पण इथे टेबल नव्हतं आणि धरायला काही नव्हतं. आई ऐकत गेली. ऐकता ऐकता तिने मुलीचं मनगट धरलं आणि तिला खाली, स्वतःच्या शेजारी बसवलं.

“सहावर नऊ म्हणाली होती?”

“हो.”

“दोनदा?”

“दोनदा.”

आईने मुलीकडे वळून पाहिलं. नुसता तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली, लहान मुलीच्या फिरवावा तसा, आणि ती एकतीस वर्षांची बाई आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडली. ताईंनी भिंतीकडे बघितलं.

मुलीचं रडं ओसरल्यावर आई म्हणाली, “गाडी वेळेवर आली असती तर वाचले असते का हो?”

हा प्रश्न ताईंनी बावीस वर्षं स्वतःला विचारला होता. खोटं बोलून सगळ्यांना हलकं करता आलं असतं. “मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर तेव्हा म्हणाले, सांगता येत नाही.”

“हं,” आई म्हणाली. आणि मग, आवाज न चढवता, “आता तुम्ही जा.”

ताई गेल्या.

घरी आल्यावर भाच्याने फोन पाहिला. चारशेच्या ग्रुपमधून दीडशे जण बाहेर पडले होते. ताईंना काय काय म्हटलं होतं, ते त्याने वाचून दाखवलं नाही. ताईंनी स्वतः वाचलं, एकेक करून, सगळं. उरलेल्यांनी एकच विचारलं होतं, आता पुढचे भाग येणार का?

“मावशी, खरं सांगू? इतके लोक तुला ऐकायला कधी थांबले नव्हते,” भाचा म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“ते मला ऐकायला नाही थांबलेत,” ताई म्हणाल्या. “घरातल्या प्रती आता कुणाला पाठवू नकोस.”

तीन आठवडे त्यांनी काहीच वाचलं नाही. सातवा भाग नव्याने लिहिला, नंतरचे पाचही. फोनवरची बाई आता देवमाणूस उरली नव्हती. लिहिलेलं त्यांनी आधी चष्म्याच्या दुकानात नेऊन दिलं, गिऱ्हाईक असल्यासारखं रांगेत थांबून. ती मुलगी म्हणाली, “ठेवून जा,” आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

आठ दिवसांनी पानं पोस्टाने परत आली. समासात लाल पेनाने पाच-सहा दुरुस्त्या होत्या. वडिलांना मिशा नव्हत्या. कुत्रा नव्हता, तो काढा. फोन स्वयंपाकघरात नव्हता, बाहेरच्या खोलीत होता, खुर्चीवर चढून घ्यावा लागायचा. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, “हे वाचा. आई म्हणते, तिलाही ऐकायचंय. आम्ही तुमच्याकडे येणार नाही, तुम्हीही येऊ नका. ग्रुपवर टाका.”

रेकॉर्डिंगच्या दिवशी भाच्याने खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि खूण केली. ताईंनी पाणी प्यायलं. पुढ्यातल्या कागदावर त्या ओळीखाली लाल रेघ होती. त्या वाचायला लागल्या, आणि या वेळी आवाज दोनदा फुटला. भाचा म्हणाला, “परत घेऊ या का?”

“नको,” ताई म्हणाल्या. “असाच पाठव.”